कोणी उठवलं?

सातव्या महिन्यातली रात्र. पावणेतीन वाजलेत. मी स्वयंपाकघरात अनवाणी उभी आहे आणि डाव्या टाचेने उजवी पोटरी घासते आहे. मग पाय बदलून पुन्हा तेच. इथली फरशी गार आहे म्हणून इथे. पलंगावर आडवं झालं की दोन मिनिटांत पोटऱ्यांच्या आत, पार हाडापाशी, काहीतरी वळवळायला लागतं. दुखतं म्हणावं तर दुखत नाही. मुंग्या नाहीत. खाज नाही, कारण खाजवायला जागाच सापडत नाही. नुसता पाय हलवावासा वाटतो, आणि नाही हलवला तर किंचाळावंसं. चाललं की थांबतं, आडवं झालं की पुन्हा हजर.

"पाय दुखतायत का?" नवऱ्याने दारातून विचारलं.

"नाही."

"मग?"

या "मग?"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. न दुखणाऱ्या पायांसाठी बाई रात्री तीन वाजता ओट्याला टेकून उभी का राहते, हे सांगायचं तरी कसं!

तोवर मी एक वही घातली होती. माझं काम हिशेबाचं. चार रकाने पाडले की कुठलीही भानगड उलगडते अशी माझी समजूत. झोपायला गेले, झोप लागली, उठले, आणि शेवटचा रकाना: कोणी उठवलं? सुरुवातीला हा रकाना गमतीचा होता. पुढे सगळी वही त्याच्याभोवतीच फिरली.

पहिल्या तीन महिन्यांत वहीची गरजच नव्हती. तेव्हा मी झोपेतच असायचे. ऑफिसच्या बाथरूममध्ये कमोडचं झाकण लावून त्यावर बसून दहा-दहा मिनिटं झोप काढली आहे. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने वाढतं आणि त्याच्या अंगी गुंगी आणायचा गुण आहे, असं नंतर वाचलं. तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये समोरच्याचे ओठ हलतायत.

पाचव्या महिन्यापासून रकाना भरायला लागला. लघवी. लघवी. छातीतली जळजळ. लघवी. स्वप्न. (स्वप्नांचं वेगळंच. झोप सारखी मोडली की स्वप्नाच्या मधोमध जाग येते, त्यामुळे एकूण एक स्वप्न लक्षात राहतं. बाळाला मी कपाटाच्या खणात विसरून आले, हे दर दोन दिवसांनी.)

लघवीचं मला वाटायचं की पिशवीवर वजन पडतं, संपलं. तेवढंच नाही. या काळात शरीरातलं रक्त वाढतं, मूत्रपिंडं एरवीच्या जवळजवळ दीडपट गाळतात. शिवाय दिवसभर उभं राहून, बसून पायांत उतरलेलं पाणी रात्री आडवं झालं की परत रक्तात येतं आणि तिथून बाहेरची वाट धरतं. म्हणजे संध्याकाळी पाणी पिणं बंद करून मी फक्त घसा कोरडा करून घेत होते. मला उपयोगी पडलं ते उलटंच. दिवसभर पाणी भरपूर प्यायचं, संध्याकाळी तासभर पाय उंच ठेवून कुशीवर लोळायचं, आणि ते पायातलं पाणी झोपायच्या आधीच मार्गी लावायचं. चारदा उठणं दोनदावर आलं. जळजळीला डोक्याकडची बाजू उंच करून डाव्या कुशीवर झोपणं बरं पडलं. ही दोन्ही प्रकरणं तशी साधी. उठवणारा कोण हे माहीत होतं, तो गेला की परत झोप लागत होती.

पायांचं तसं नव्हतं.

ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांची उत्तरं ठरलेली होती. "असंच असतं." "निसर्ग तुला जागरणाची सवय लावतोय." आणि सगळ्यांचं लाडकं: "आत्ताच झोपून घे गं, नंतर मिळायची नाही." झोप म्हणजे काय मुदत ठेव आहे, आत्ता ठेवली आणि नंतर व्याजासकट काढली? आणि मुळात ठेवायला शिल्लक कुठे होती.

मी ज्या डॉक्टरांकडे जात होते त्यांनी रिपोर्ट पाहिला. हिमोग्लोबिन ११.२. "अकराच्या वर आहे, छान आहे. पायात गोळे येतात या दिवसांत. कॅल्शियम चालू ठेवा." मी म्हटलं गोळे नाही येत, पण त्यांनी तोपर्यंत कागदावर गोळेच लिहिले होते. पायात गोळा येतो तेव्हा पोटरीचा स्नायू दगडासारखा आवळतो, माणूस दुखून ओरडतो, मिनिटाभरात सुटतो. ते मला दोनदा झालं होतं आणि त्यातला फरक मला पक्का कळत होता. पण तपासणीच्या टेबलावर पोट वर करून पडलेलं असताना वाद घालायचं बळ येत नाही.

आठव्या महिन्याच्या तोंडावर मला सर्दी झाली. घरात सर्दीच्या गोळीची उरलेली पट्टी होती, आणि त्या गोळीने गुंगी येते हे मला ठाऊक होतं. मनात म्हटलं, सर्दीही जाईल आणि झोपही लागेल. कुणाला विचारलं नाही. ही माझीच अक्कल. त्या रात्री डोळे झोपेने मिटत होते आणि पाय मात्र वेड्यासारखे पळायला मागत होते. एकाच अंगात दोन माणसं. पहाटे पाच वाजेपर्यंत दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले, मध्येच टेबलावर डोकं टेकून उभ्या उभ्या पेंग घेतली. रकान्यात लिहिलं: पाय, पाय, पाय, पाय.

दोन दिवसांनी नेहमीचे डॉक्टर रजेवर होते म्हणून त्यांच्या जागी बसलेल्या बाईंकडे गेले. पन्नाशीच्या पुढच्या, चष्मा कपाळावर. वही मी दाखवणार नव्हते, पिशवीतून फाइल काढताना ती बाहेर आली. त्यांनी ती उघडली आणि पानं मागे मागे चाळत गेल्या. मग चार प्रश्न विचारले. पाय हलवावेसे वाटतात का? बसलं-पडलं की वाढतं का? चाललं की थांबतं का? आणि दिवसा कमी, संध्याकाळनंतर जास्त असतं का?

चारही प्रश्नांना हो.

"याला नाव आहे," त्या म्हणाल्या. "रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. पाचांतल्या एखाद्या गरोदर बाईला होतो, शेवटच्या तीन महिन्यांत जास्त."

मला रडू फुटलं. आजार सांगितल्यावर आनंदाने रडलेली मीच असेन. पण नाव मिळालं म्हणजे मी कल्पना करत नव्हते, कांगावा करत नव्हते. घरी येऊन वाचलं तर एकबॉम नावाच्या स्वीडिश डॉक्टरने १९४५ साली याचं सविस्तर वर्णन केलेलं, आणि त्याच्याही कितीतरी आधी सतराव्या शतकात टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने अंथरुणात पाय ठरू न देणाऱ्या या छळाबद्दल लिहून ठेवलेलं. म्हणजे साडेतीनशे वर्षं लोक रात्री उभे आहेत.

बाईंनी फेरिटिन नावाची तपासणी लिहून दिली. समजावलं ते मला माझ्या भाषेत असं उमगलं: हिमोग्लोबिन म्हणजे खिशातले पैसे, फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. खिशात पैसे दिसतायत म्हणून खातं भरलेलं असेलच असं नाही. बाळ वाढताना आईच्या खात्यातून लोह काढत राहतं. मेंदूत डोपामिन नावाच्या, निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं काम नीट चालायला लोह लागतं, आणि ते कमी पडलं की पायांचा हा खेळ सुरू होऊ शकतो. माझं फेरिटिन ९ आलं. पायांच्या या तक्रारीत ते ७५च्या वर असलेलं बरं, असं धरतात.

"पण मी लोहाच्या गोळ्या घेतेय की पाच महिने!"

"कधी घेता?"

"रात्री. कॅल्शियमच्या गोळीबरोबर. विसरायला नको म्हणून दोन्ही एकदम."

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. कॅल्शियम लोहाला आत शिरू देत नाही. पाच महिने मी एका हाताने जमा करत होते आणि दुसऱ्या हाताने ती नोंद खोडत होते. आणि सर्दीच्या ज्या गोळ्यांनी गुंगी येते, त्यांतल्या बऱ्याच गोळ्या पायांची ही वळवळ वाढवतात, हेही त्याच दिवशी कळलं.

नवीन वेळापत्रक ठरलं. लोहाची गोळी सकाळी उपाशीपोटी, तीही क जीवनसत्त्वाबरोबर, आणि आगेमागे चहा-कॉफी नाही. कॅल्शियम संध्याकाळी. कॉफी जवळजवळ बंदच केली, कारण कॅफिनने पाय बिघडतात, आणि शिवाय गरोदरपणाच्या शेवटी शरीर कॅफिन फार सावकाश बाहेर टाकतं. सकाळी घेतलेली कॉफी रात्रीपर्यंत अंगात रेंगाळते. झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणायच्या, कोमट पाण्याने शेकायच्या. पहिले दहा दिवस काही फरक नाही. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री वहीत पाय फक्त एकदाच आला. पूर्ण गेला नाही, पण स्वयंपाकघरातलं उभं राहणं संपलं.

त्याच भेटीत बाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले होते, जे मला तेव्हा असंबद्ध वाटले. घोरता का? तळहात-तळपायांना रात्री खाज येते का? घोरण्याचं नवऱ्याने परस्पर हो सांगून टाकलं, तेव्हा त्यांनी लगेच रक्तदाब मोजला. नवीन सुरू झालेलं जोरदार घोरणं आणि वाढता रक्तदाब यांची जोडी असू शकते म्हणून. माझा ठीक निघाला. पुरळ नसताना तळवे खाजणं यकृताशी संबंधित असू शकतं आणि ते अंगावर काढायचं नसतं. मला तशी खाज नव्हती.

मग आला कुशीचा धसका.

अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर पाठीवर झोपू नये, हे मी कुठेतरी ओझरतं वाचलं होतं. एका रात्री जाग आली तर मी सपाट उताणी. घामच फुटला. पोटावर हात ठेवून बाळ हलायची वाट बघत बसले. ते हललं, पण पुढचे आठ दिवस मी झोपायलाच घाबरत होते. पाठीला उशी, पोटाखाली उशी, गुडघ्यांमध्ये उशी, आणि मधोमध मी, बांधकामात अडकल्यासारखी. रकान्यात नवीन शब्द आला: भीती.

बाईंनी सांगितलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. २०१९ साली न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा शेवटच्या तिमाहीत उताणं झोपी जाणाऱ्या बायकांत बाळ पोटात दगावण्याचा धोका सुमारे अडीचपट दिसला. मुळात तो धोका लहान असतो, त्याच्या अडीचपट. आणि अभ्यास होता तो झोपी जाताना आपण कसे असतो याचा. रात्रीत कधी पाठीवर वळलात, तर जाग आल्यावर पुन्हा कुशीवर व्हायचं आणि झोपायचं. डावी की उजवी, फरक नाही. डाव्याच कुशीचा एवढा आग्रह लोक का धरतात कोण जाणे. माझा डावा खुबा त्या आग्रहापायी महिनाभर ठणकत होता. उशांतल्या दोन मी त्याच रात्री पलंगाखाली टाकल्या.

बाळंतपणाचं इथे लिहीत नाही. झालं, मुलगा झाला, दोघं सुखरूप. पाय म्हणाल तर चौथ्या दिवशी लक्षात आलं की पायांची आठवणच आली नाही. इतका छळ केला आणि जाताना सांगूनही गेले नाहीत.

मी कुशीवर आणि तो पाठीवर, अशी उलटापालट झाली. पोटात असेपर्यंत मी उताणं झोपायचं नाही, आणि बाहेर आल्यावर त्याने उताणंच झोपायचं, वेगळ्या सपाट अंथरुणावर, भोवती उशा-दुलया काही नाही. आता रकान्यात एकच नाव: बाळ, बाळ, बाळ. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध. नवजात बाळाला रात्र-दिवस कळत नाही, आतलं घड्याळ बसायला दोन-तीन महिने लागतात. हे सगळं ठाऊक होतं आणि त्याची तक्रार नाही. उलट पहिले काही दिवस मी उशीला डोकं टेकताच जायचे.

एक चूक मात्र लिहून ठेवते. तो रात्रीतून कण्हायचा, चेहरा वेडावाकडा करायचा, हात उडवायचा, कधी एक छोटंसं रडंही काढायचा. मी झटकन उचलायचे. मग तो खरोखर जागा व्हायचा आणि तासभर जागा राहायचा. आई चार रात्री हे बघत होती. पाचव्या रात्री तिने माझा हात धरला.

"थांब जरा. झोपेतच आहे तो."

थांबले. अर्ध्या मिनिटात तो पुन्हा निवांत. बाळांची निम्मी झोप अशीच चळवळी असते. म्हणजे एवढे दिवस त्याच्या वहीतल्या रकान्यात माझं नाव होतं.

आणि एक पहाट. चारच्या सुमाराला सोफ्यावर बसून पाजत होते. पुढचं आठवतं ते दचकून जाग आली ते. तो माझ्या काखेच्या खाली सरकलेला, तोंड सोफ्याच्या पाठीच्या आणि माझ्या दंडाच्या फटीत. नाक मोकळं होतं. बोटभर अंतराने मोकळं होतं. मी त्याला उचलून दिव्याखाली धरलं, त्याने जांभई दिली. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळासकट झोप लागणं हा सगळ्यांत धोक्याचा प्रकार. पेंग येतेय असं वाटलं तर त्यापेक्षा उशा-पांघरुणं दूर सारलेल्या पलंगावर पाजावं आणि जाग येताच बाळाला त्याच्या जागी ठेवावं, हे नंतर समजलं. ती पहाट मी कित्येक दिवस कुणाला सांगितली नाही.

बहुतेक तिथूनच बिघडलं असावं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात तो रात्री सलग तीन तास झोपायला लागला. घरात सगळे खूश. सासूबाई दुपारी त्याला घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "जा, तू पड जरा." मी पडायचे. डोळे मिटायचे. आणि छातीत धडधड सुरू. कान त्याच्या श्वासाकडे. पंख्याच्या आवाजात त्याचं रडणं ऐकू यायचं, नळ सोडला की पाण्यात ऐकू यायचं. उठून जावं तर तो शांत. परत येऊन घड्याळ बघायचं: आत्ता झोप लागली तर दोन तास दहा मिनिटं मिळतील. मग एक तास चाळीस. मग पन्नास मिनिटं, आता काय झोपायचं. आणि तो उठायचा.

वहीत लिहायला बसले तर शेवटच्या रकान्यात काय लिहावं कळेना. लघवी नाही, पाय नाहीत, बाळ तर झोपलेलं. शेवटी लिहिलं: कोणीच नाही. दुसऱ्या रात्री कोणीच नाही. ओळीने नऊ रात्री.

दिवसा मी हसत होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना बाळ दाखवत होते. आंघोळीला गेले की भिंतीला कपाळ टेकून उभी राहायचे. नवऱ्याला एकदा म्हटलं, मला झोप येत नाही. तो म्हणाला, "अगं, कुठली येणार, त्याच्यामुळे." त्याचं चुकलं असं नाही. मीही आठ महिने हेच शिकले होते की झोप न मिळणं म्हणजे आईपण. पण झोप मिळत नाही आणि झोप लागत नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात कोणीतरी तुम्हाला उठवतं. दुसरीत सगळे निजलेले असतात आणि तुम्ही टक्क.

सहा आठवड्यांच्या तपासणीला त्याच बाई होत्या. टाके बघितले, रक्तदाब बघितला आणि म्हणाल्या, "वही?" मी दिली. पानं चाळता चाळता त्या त्या नऊ ओळींवर थांबल्या. मग एक कागद पुढे केला. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल. एडिनबर्ग प्रसूतिपश्चात नैराश्य मापनी, १९८७ पासून वापरात आहे. एकूण गुण ३०, आणि १३ किंवा त्याहून जास्त आले तर नीट बघायचं. त्यातला एक प्रश्न झोपेबद्दलच आहे, पण तो बाळाने केलेल्या झोपमोडीबद्दल विचारत नाही. मन इतकं उदास आहे का की त्यापायी झोप लागत नाही, असा त्याचा रोख आहे. पेन हातात धरून मी त्या प्रश्नावर किती वेळ थांबले सांगता येत नाही.

माझे १४ आले.

शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा होता. मी "कधीच नाही" लिहिलं होतं, तरी त्यांनी तोंडी पुन्हा विचारलं, डोळ्यांत बघून. मग आणखी एक विचारलं: झोप नसूनही अंगात खूप उत्साह वाटतो का, विचार सुसाट धावतात का, कोणी काही सांगतंय असं वाटतं का? नाही म्हटल्यावर त्यांनी श्वास सोडला. हजार बाळंतिणींत एखाद-दोघींना तसं होतं, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. थायरॉइडचीही तपासणी झाली, कारण बाळंतपणानंतर काहींचं थायरॉइड काही काळ जास्त चालतं आणि धडधड, बेचैनी, निद्रानाश असंच दिसतं. माझं नॉर्मल आलं.

"मला झोपेची गोळी द्या," मी म्हटलं.

"रात्री बाळाला घेणार तुम्ही. गुंगीत घेऊ नये. आधी दुसरं करू."

तेव्हा ती सोफ्याची पहाट सांगितली. पहिल्यांदा. नवरा शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही, त्याने माझ्या हातातली दुपट्याची पिशवी घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवली.

दुसरं म्हणजे समुपदेशक. आठवड्यातून एकदा, पाऊण तास. निद्रानाशासाठी वर्तनावर आणि विचारांवर काम करणारी पद्धत आहे. दीर्घकाळच्या निद्रानाशात औषधाआधी तीच सुचवतात. मला आधी ही नुसती बोलाचीच कढी वाटली होती. पहिल्या दिवशी तिने वही मागितली, मी अभिमानाने दिली.

"या वेळा इतक्या नेमक्या कशा?" तिने विचारलं. २:१०, २:५५, ३:४०.

"घड्याळ बघून लिहिते ना."

"म्हणजे प्रत्येक वेळी दिवा लावता, घड्याळ बघता, उरलेली झोप मोजता, लिहिता आणि परत पडता?"

मी गप्प. कोणीच नाही लिहिलेल्या त्या नऊ रात्री दिवा कोण लावत होतं ते मला त्या क्षणी दिसलं. वही बंद झाली नाही, पण ती सकाळी लिहायची, अंदाजाने, घड्याळ न बघता. घड्याळ खोलीबाहेर गेलं. झोप आली नाही असं वाटलं तर वीसेक मिनिटांनी, तीही अंदाजानेच, पलंग सोडून खुर्चीत बसायचं आणि डोळे जडावले की परत. खुर्चीत कंटाळवाणं काहीतरी. मी जुन्या उपकरणांची माहितीपत्रकं वाचली. मिक्सरच्या वॉरंटीच्या अटी मला अजून पाठ आहेत.

दुसरा बदल घरातला. रात्री नऊ ते दोन बाळ नवऱ्याचं. पंपाने काढून ठेवलेलं दूध तो पाजणार, आणि मी दुसऱ्या खोलीत, दार लावून, कानात बोळे घालून. नऊ ते दोन का, तर सलग चार-पाच तासांचा तुकडा मिळावा म्हणून. तुटक सात तासांपेक्षा तो मला मोलाचा ठरला. पहिल्या चार रात्री मी बोळे काढून दाराला कान लावून बसले, हेही लिहिलं पाहिजे. आई म्हणाली, "बाप आहे तो त्याचा, शेजारी नाही." सासूबाईंना आधी नवऱ्याच्या नोकरीची काळजी वाटली. मग त्यांनी पहाटेची पाळी स्वतःकडे घेतली.

तीन आठवड्यांनी गुण १२. बाई म्हणाल्या, औषधाचा विचार करू. मला दुधातून बाळाला जाईल याची भीती. त्यांनी सांगितलं की नैराश्यावरच्या सर्ट्रालीनसारख्या औषधाचा फार थोडा अंश दुधात उतरतो आणि पाजणाऱ्या आयांना ते बऱ्याचदा देतात. दोन दिवस विचार करून सुरू केलं. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे बरं कशाने वाटलं याचा चोख हिशेब मला मांडता येत नाही. गोळी, बोळे, खुर्ची, नऊ ते दोन, आणि बाळाचं स्वतःचं घड्याळही याच सुमारास लागत होतं.

तो अकरा आठवड्यांचा असताना एका रात्री मला जाग आली ती अंगावर काहीतरी थंड लागल्यामुळे. गाऊन पुढून पूर्ण भिजलेला, चादर भिजलेली. पडद्याच्या फटीतून उजेड येत होता. उजेड! दोनला मला उठवायचं ठरलं होतं. तशीच धावत त्या खोलीत गेले. बाळ त्याच्या जागी उताणं, दोन्ही मुठी डोक्याजवळ. नवरा जमिनीवर भिंतीला टेकून बसलेला, डोळे लाल.

"का नाही उठवलंस?"

"दार वाजवलं. दोनदा. तुला कळलंच नाही, मग राहू दिलं." तो डोळे चोळत म्हणाला. "साडेतीनला तर असला ओरडला ना, आई उठून आली. तुला खरंच ऐकू नाही आलं?"

नव्हतं आलं.

सकाळी वही काढली. वेळा टाकल्या नाहीत. शेवटच्या रकान्यात लिहिलं: दूध.